प्रश्न क्रमांक सात

फॉर्ममागे अठरा रुपये.
टॅबलेट कंपनीचा, चप्पल माझी,
आणि प्रश्न क्रमांक सात:
'शहरात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर वाढावा, असं तुम्हाला वाटतं का?'
खाली पाच गोल. एका टोकाला पूर्ण सहमत, दुसऱ्या टोकाला पूर्ण असहमत,
मधल्या गोलापुढे 'सांगता येत नाही'.
नाशिककराला सांगता येत नाही
असं कुणी कधी पाहिलंय?

द्वारका चौकात शकील कोकणी रिक्षाची काच पुसत होता.
"कॅमेऱ्यानं पाचशेला घातलं, ताई.
सिग्नल पिवळा होता.
आधी हवालदार असायचा, पिवळा म्हटलं की त्यालाही पिवळा दिसायचा,
निदान शंभरात दिसायचा."
मग त्यानंच फोन काढून दाखवला:
मुलीला अर्थशास्त्र समजावणारं ॲप.
रात्री बाराला, तेच तेच, न वैतागता.
"मी वैतागतो," तो म्हणाला. "दोन गोल दाबा."
टॅबलेट दोन घेत नाही.

सातपूरला रात्रपाळी सुटताना दगू निमसे भेटले.
तीस वर्षं यंत्रांपाशी. नुसत्या आवाजावरून सांगायचे
बेअरिंग अजून किती दिवस काढेल.
दिवाळीपासून एक डबी चिकटवलीय यंत्राला,
आता ती ऐकते.
"बरोबर सांगते का?"
"सांगते की."
बराच वेळ ते सायकलचं कुलूप काढत राहिले.
"महिनाभर मीच बसलो होतो शेजारी, तिला शिकवायला.
चहा मात्र मलाच द्यायचे, तिला नाही."
हसले. मीही हसले.
मग दोघांनाही कळेना, थांबायचं कुठे.

कॉलेज रोडला सगळे पूर्ण सहमत,
मान वर न करता.
फक्त एका मुलीनं मायेनं विचारलं,
"पण तुमचं काम जाईल ना?"
तिला सांगितलं नाही, की रात्री
हे सगळं यंत्रच वाचणार आहे
आणि तेच ठरवणार आहे शहराचा सूर.

गायधनी गुरुजींनी तांबड्या फडक्यातली वही सोडली.
"गाव सांगा, आडनाव सांगा, पणजोबांची सही दाखवतो."
मी म्हटलं, गुरुजी, प्रश्न सात.
"ते चुकलं की लगेच माफी मागतं म्हणे?
या वहीत एक नाव चुकलंय छत्तीस साली.
लिहिलं आजोबांनी.
त्या घरचे अजून माझ्याशी भांडतात."
वहीला पुन्हा गाठ मारताना पुटपुटले,
"भांडायला यायला हवं कुणीतरी."
शेऱ्याच्या चौकटीत एवढंच लिहिलं.
चौकट म्हणाली: उत्तर ग्राह्य नाही.

रामकुंडावर नवा फलक लागलाय, लाल आकड्यांचा.
येत्या सिंहस्थाची तालीम.
कॅमेरा डोकी मोजतो, फलक सांगतो
घाटावर आत्ता माणसं किती.
दुपारी तीनचं ऊन. ४१.
फलकाखालीच छत्री लावून अनुसया लहामगे:
झेंडू, गुलाबाच्या पाकळ्या, तुपात भिजलेली वात.
माझा प्रश्न वाचून होईपर्यंत
तिनं सहा द्रोण भरले.
"मला नाही धरत तो," ती म्हणाली.
"बसलेली असते ना. वरनं नुसती छत्री दिसते.
वायरी जोडायला पोरगा आला होता, त्यानंच सांगितलं.
पालिकेची गाडी येते तेव्हा बरी दिसते मी."

मी गोल शोधत राहिले.
ती गुडघ्यावर हात टेकून उठली,
पदर नीट केला, छत्रीबाहेर आली
आणि कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली,
लग्नात फोटोला राहतात तशी, जरा ताठ.
४२.
"बघ," म्हणाली.
मग बसली.
४१.
आणि सातवा द्रोण.